सरांच्या हातचा लाडू

"सर, तुमच्या लाडवाले केस फुटले."

"कसले केस?"

"बुरशीचे. पांढरे. दोन पोट्ट्यायनं सकाळी खाल्ले अन् उलट्या करून राहिल्या. तुमी लवकर या."

फोन मुलींच्या क्रीडा वसतिगृहाच्या मेट्रनचा होता. जुलै महिना, सकाळचे साडेसात. मी अमरावतीत घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. खाण्याचा पदार्थ का टिकतो आणि का बिघडतो हे सांगणं माझं काम. घर अमरावतीला, ऑफिस अकोल्याला. आमची संस्था योजनांमधून महिला बचत गटांना पदार्थ शिकवायची कामं घेते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण इथे कोणाला दोष द्यायचा तर आधी मलाच द्यावा लागेल. या गोष्टीला चार वर्षं झाली. तुकड्यातुकड्यांनी ती काही लोकांना माहीत आहे. पूर्ण कोणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक त्याला सज्जनपणा समजतात. या प्रकरणात तो सज्जनपणा नव्हता.

आधी लाडवाचं सांगतो. ऑफिसच्या कागदांवर त्याचं नाव 'नो-बेक एनर्जी बॉल' असं होतं. ट्रेनिंगच्या दिवशी मी हे नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा एक बाई म्हणाली, "आपन कवा बेक करतो लाडू?" बरोबरच होतं तिचं. हा बिनपाकाचा लाडू, एवढंच. एक किलो बी काढलेला खजूर, अर्धा किलो भाजून सोललेले शेंगदाणे, पाव किलो तीळ, पाव किलो जवस, मूठभर खोबऱ्याचा कीस, चिमूटभर मीठ. भाजणं तेवढं आधी करून घ्यायचं. गार झालं की दाण्यांचा जाडसर कूट, खजुराचा गोळा, सगळं परातीत मळायचं आणि वळायचं. साखर नाही, गुळाचा पाक नाही. खजूरच सगळ्याला धरून ठेवतो. कोणीही घरी अर्ध्या तासात करू शकतं. कोरड्या डब्यात महिनाभर आरामात टिकतो.

तो का टिकतो, हे समजलं की पुढचं सगळं समजेल. पदार्थात दोन तऱ्हेचं पाणी असतं. एक धरलेलं, एक मोकळं. खजुरात पाणी असतं, पण त्यातल्या गोडव्यानं ते धरून ठेवलेलं असतं. बुरशीला ते सहज मिळत नाही. वरून लावलेला पाण्याचा हात मात्र मोकळा असतो. डब्याचं झाकण लागलं की बुरशीला दुसरं काही लागत नाही.

वसतिगृहात मेट्रननं सहा डबे टेबलावर मांडून ठेवले होते. उलट्या झालेल्या दोन्ही मुली तोवर बऱ्या होऊन कॉटवर बसल्या होत्या. एक जण कबड्डीची. मला पाहून म्हणाली, "सर, एनर्जी तं लय आली. धावत गेली मी बाथरूमकडं."

मी एक लाडू सुरीने कापला. बाहेर पांढरी लव, आत स्वच्छ. दुसरा कापला. तसाच. माल जुना असता, दाणे किडके असते, तर बिघाड आतही दिसला असता. इथे फक्त कातडी बिघडली होती. म्हणजे मळताना सगळं ठीक होतं, वळताना पाणी लागलं होतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे कळायला पाच मिनिटं लागतात. मला तेवढीही लागली नाहीत.

"काय झालं असंन सर?" मेट्रननं विचारलं.

"पाहतो," मी म्हणालो.

तिथून थेट लाडू पुरवणाऱ्या बचत गटाच्या गावाला गेलो. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे मोटरसायकलने वळलं की ते गाव लागतं. गटात सहा जणी. अध्यक्ष शोभाताई खंडारे. त्यांचे मिस्टर एसटीत कंडक्टर, त्यामुळे घराची समोरची खोली पक्की, फरशीची. युनिट तिथेच होतं. शोभाताई बौद्ध, बाकीच्या पाच जणी शेतकरी घरांतल्या. गट जमला तेव्हा यावर कोणी काही बोललं नव्हतं. खिडकीला जाळी, भिंतीला धुता येणारा रंग, दाराशी वेगळ्या चपला, हे सगळं शोभाताईंनी मी सांगायच्या आधी केलेलं होतं. इतकी नेटकी खोली मी दुसऱ्या कुठल्या गटात पाहिली नाही. हे मी रिपोर्टमध्ये लिहायला हवं होतं.

मी पोचलो तेव्हा सहाही जणी गोल बसून लाडू वळत होत्या. डोक्याला टोप्या, अंगात एप्रन. आणि मधोमध पाण्याचं वाडगं.

आमच्याकडच्या बाईला भाकरीची सवय असते. थापताना हात आपोआप पाण्याकडे जातो. तसाच जात होता. बोटं बुडवायची, लाडू फिरवायचा, ताटात ठेवायचा. लाडू कसे चमकत होते.

मी त्या वाडग्याकडे पाहत उभा राहिलो. कारण ते वाडगं तिथे मी ठेवलं होतं. हातानं नव्हे, पण मीच.

मे महिन्यात याच खोलीत ट्रेनिंग झालं होतं. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. ऑफिसनं स्वस्तातला खजूर दिला होता, तो सुकून चामड्यासारखा झालेला. मिश्रण धरत नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. परात झाकायची, दहा मिनिटं थांबायचं, मग दाण्याचं तेल सुटेपर्यंत जोर लावून मळायचं. फारच फुटलं तर तळहाताला तुपाचं बोट लावायचं. पाणी नाही. त्या सकाळी मी फळ्यावर लिहिलंही होतं, पाण्याचा हात नको. शोभाताईंनी तसंच केलं. थांबल्या, मळलं, दाबून दाबून दोन-तीन लाडू वळले. खडबडीत, पण घट्ट.

मग बायका म्हणाल्या, "सर, आता तुमी करून दाखवा."

माझा पहिला लाडू फुटला. दुसरा फुटला. तिसरा हातातच विस्कटला. मंदाताई राऊत म्हणून गटात एक सदस्य, जिभेने तिखट. त्या म्हणाल्या, "सर, मॅडमनं तुमाले चुलीपाशी येऊच देल्लं नाई वाटते कदी."

खोली हसली. ऑफिसची मुलगी मोबाइल धरून उभी होती, "सर, हातात लाडू घेऊन एक फोटो द्या ना." मला हसू आलं नाही. मला राग आला. पंचवीस वर्षांची नोकरी, आणि एक लाडू वळत नाही म्हणून बायका हसतात. माझ्या बाजूला स्टीलचा ग्लास होता. मी आल्या आल्या शोभाताईंनी तो पाणी भरून दिला होता. मी त्यात बोटं बुडवली. लाडू एका फेरीत गोल झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. मग तसाच आणखी एक वळला.

मी फळ्यावर काय लिहिलं होतं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मी काय केलं ते सहाही जणींच्या लक्षात राहिलं.

तर त्या दिवशी, जुलैमध्ये, त्या वाडग्यासमोर उभं राहून मला एकच वाक्य बोलायचं होतं. बायांनो, मी चुकीचं दाखवलं, हे पाणी उचला. दहा सेकंदांचं काम. मी पाण्याकडे पाहिलं, मग बायकांकडे पाहिलं आणि विचारलं, "हात कशाने धुता?"

"साबनानं सर," शोभाताई म्हणाल्या. "तुमी सांगतलं तसं. घड्याळ लावून."

"नखं दाखवा."

सहा जणींनी हात पुढे केले. शाळेत करतात तसे. मी एकेकीची नखं पाहिली. शोभाताईंची दोनदा पाहिली. का, ते मला त्या वेळी माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. माहीत होतं. खोली त्यांची होती, अध्यक्ष त्या होत्या. कोणावर तरी नजर ठेवायची होती, ती तिथे ठेवणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. आमच्याकडे पद्धत अशी की प्रत्येक बॅचचे दोन नग राखून ठेवायचे. तक्रार आली तर तोच माल काढून पाहता येतो. ट्रेनिंगच्या दिवशीचा डबाही मी लॅबच्या कपाटात ठेवलेला होता. काढला. त्यात दोन लाडू. एक शोभाताईंनी कोरडा वळलेला, जसाच्या तसा. दुसरा मी पाणी लावून वळलेला. त्याच्यावर राखाडी टोपरं आलेलं.

यापेक्षा स्वच्छ पुरावा मला नोकरीत कधी मिळाला नाही. मी दार लावलं, डबा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या ड्रमात टाकला. मग हात धुतले. साबणानं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

तासाभरात प्रोजेक्ट मॅनेजर चिंचोळकर साहेबांनी बोलावलं. वयाने माझ्याहून लहान, आवाजाने मोठे.

"वसतिगृहाला आज रिपोर्ट पाहिजे. काय निघालं?"

"पृष्ठभागावर बुरशी आहे. हाताळणीत काहीतरी झालंय."

"मग हायजीन टाका."

"हायजीन म्हणजे नेमकं..."

"गुल्हाने सर, नेमकं कशाला? हायजीन लिहिलं की पुढे कोणी विचारत नाही. ट्रेनिंग आपलं आहे, ते ओके पाहिजे. पुढच्या वर्षीचं काम त्याच्यावर आहे."

मी लिहिलं, 'उत्पादनाच्या ठिकाणी स्वच्छतेचा अभाव. प्रशिक्षण निकषांनुसार.' खाली सही केली. एक प्रत वसतिगृहाला, एक पंचायत समितीला, एक गटाला.

साहेबांवर मला आजही संताप येतो. पण पेन त्यांनी माझ्या हातात कोंबलं नव्हतं. ते माझ्याच खिशातलं होतं.

हे चार शब्द अकोल्याच्या ऑफिसात अगदी सभ्य दिसत होते. 'उत्पादनाच्या ठिकाणी स्वच्छतेचा अभाव.' गावात गेल्यावर त्यांचा अर्थ दोन दिवसांत ठरला. मंदाताईंचा फोन आला.

"सर, तुमीच लेहलं, जागा साफ नाई म्हनून. मंग जागा बदलवाच लागन. माह्या घरी करू आता."

"शोभाताई काय म्हणतात?"

"त्या काय म्हनतीन? आमच्या सासूबाई तं पयलेच म्हने, त्या घरात खायचं कशाले करता. मी आयकलं नवतं. आता कागदच आला."

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "तो तुमच्या गटाचा अंतर्गत प्रश्न आहे." ऑफिसात पंचवीस वर्षं काढली की असली वाक्यं तोंडातून आपोआप गळतात.

संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला. आवाज शांत.

"सर, स्वच्छतेत काय चुकलं तेवढं सांगा. मी सुधारीन."

"ते जनरल लिहिलंय हो. तुमच्यावर नाही."

"ठिकान तं माहंच हाय न सर."

"हो, पण... पाहू आपण."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वसतिगृहानं गटाला आणखी एक संधी दिली होती. मी नवी लेबलं द्यायला मंदाताईंकडे गेलो. पाच जणी आतल्या खोलीत लाडू वळत होत्या. शोभाताई बाहेर ओसरीवर सूप घेऊन शेंगदाणे निवडत होत्या. एकट्या. भाजायच्या आधीचे दाणे. म्हणजे ज्याला त्यांचा हात लागला तरी नंतर आगीवरून जाणार होता, तेवढंच काम त्यांना ठेवलं होतं. अध्यक्षही आता मंदाताई होत्या.

मला पाहून शोभाताईंनी सूप खाली ठेवलं.

मी आत गेलो. फरशी ओबडधोबड, खिडकीला जाळी नाही, कोपऱ्यात कोंबडीचं पिलू. आणि मधोमध तेच वाडगं. शोभाताईंच्या घरचं सगळं मागे राहिलं होतं, माझं वाडगं तेवढं आलं होतं.

या वेळीही मी बोललो नाही. पहिल्यांदा चूक झाली, लाज वाटली, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा काय म्हणावं? पाणी उचला म्हटलं असतं, तर कोणीतरी विचारलं असतं, मंग पयले काहून नाई सांगतलं? त्या एका प्रश्नाला मी इतका भ्यालो की लाडू पुन्हा बिघडणार हे माहीत असून लेबलं देऊन निघून आलो. जाताना शोभाताईंनी सूप उचललं होतं. दाणे फटाफट उडत होते, पडत होते.

पोळा झाला आणि मेट्रनचा फोन आला. "सर, परत फुटले. पोट्ट्यायले देल्ले नाई मी, पयले उघडून पाह्यले. पन आता बस झालं."

चिंचोळकर साहेबांसमोर पुन्हा उभा राहिलो.

"या वेळी ह्युमिडिटी टाका," ते म्हणाले. "पावसाळी हवा. नैसर्गिक कारण."

"मागच्या वेळीही पावसाळाच होता साहेब. मागच्या वेळी आपण हायजीन लिहिलं."

"मागची केस वेगळी होती."

"काय वेगळी होती?"

ते कॉम्प्युटरकडे पाहायला लागले.

"माल तोच, बुरशी तीच," मी म्हणालो. "जागा उलट आधीची चांगली होती. काय वेगळं होतं ते सांगा, मी लिहितो."

"गुल्हाने सर, मंदाताईंचे मिस्टर गावात कोण आहेत माहीत आहे ना? उगाच वाढवू नका. तुम्हाला काय पडलंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यातलं काहीतरी तुटलं. बुरशी दोन घरांत आली. एका घरात आली तेव्हा बाई घाण ठरली, दुसऱ्या घरात आली तेव्हा हवा दमट ठरली. आणि दोन्ही वेळा सही करणारा माणूस एकच, मी. बुरशीला घर कोणाचं ते कळत नाही. ती फक्त पाणी पाहते. ते मला कळत होतं, आणि मी न कळल्यासारखं लिहिलं होतं.

"मला पडलंय," मी म्हणालो. "पाणी मी दाखवलं. ट्रेनिंगमध्ये. मीच."

साहेब पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहायला लागले. "हे कुठे बोलू नका," ते म्हणाले.

मी त्याच दिवशी गावाला गेलो. मंदाताईंच्या घरी पाच जणी होत्या, परत आलेले डबे समोर. शोभाताई दाणे निवडायलाही यायच्या बंद झाल्या होत्या. मी बसलो नाही. वाडगं उचललं, दाराबाहेर पाणी ओतलं आणि सांगितलं. मे महिन्यात माझा लाडू फुटत होता, तुम्ही हसलात, मला अपमान वाटला, मी ग्लासात बोटं घातली. लाडू पाण्यानं बिघडतात. दोन्ही वेळा पाण्यानंच बिघडले. शोभाताईंच्या घरात काहीच चुकलं नव्हतं.

मंदाताई उसळल्या.

"मंग त्या दिवशी नखं कायचे पाहून राहिले होते तुमी? सांगतलं काहून नाई?"

"लाज वाटली."

"वा! लाज तुमाले वाटली अन् काम तिचं गेलं!"

मी मान खाली घातली. पण गटातली सगळ्यात तरुण, वैशाली, भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "सरनं लेहलं, खरं हाय. पन तिचं सामान तिच्या घरातून उचलून आनाले तं आपुनच गेलो होतो न, मंदाताई. सर नवते आले टोपले उचलाले."

मंदाताईंनी समोरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला.

शोभाताईंच्या घरी मी एकटाच गेलो. समोरची खोली रिकामी. जाळी तशीच, भिंत तशीच पुसलेली. त्यांनी खुर्ची दिली. पाणी विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात. मी सगळं परत सांगितलं. माझं संपल्यावर त्या उठल्या, भिंतीतल्या कपाटातून काचेच्या दोन लहान बरण्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

दोन्हीत एकेक लाडू. दोन्हींवर कागद चिकटवलेला, मे महिन्यातली ट्रेनिंगची तारीख घातलेला. एकावर लिहिलं होतं, 'माझा'. तो खडबडीत लाडू जसाच्या तसा होता. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'सरांच्या हातचा'. तो केसाळ, राखाडी, सुकून आक्रसलेला.

"तुमीच सांगतलं होतं न," त्या म्हणाल्या, "परतेक बॅचचे दोन राखून ठेवा. फोटोतला लाडू होता, म्हनून ठेवला. आठवन म्हनून."

माझा डबा मी वर्तमानपत्रात गुंडाळून फेकला होता. तोच पुरावा इथे कपाटात होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमी त्या दिवशी आले तवाच समजलं. तुमी पयले पानी पाह्यलं. अन् मंग नखं पाह्यले."

"मग बोलल्या का नाही शोभाताई? हे सगळ्यांना दाखवायचं होतं."

त्या हसल्या. त्या हसण्यात माझ्यासाठी काही नव्हतं. "माह्या बरनीवर कोन इस्वास ठेवते सर? म्हनले असते, हिनंच घातली बुरशी. कागद तं तुमचा होता. सही तुमची होती. तुमी कदी बोलता तेच पाहून राहिली होती मी. दोन महिने लागले तुमाले."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही आणि परतही केली नाही. म्हणाल्या, "तोंडी नका सांगू. तोंडी तं माह्याबद्दल कोनी काही बोल्लंच नवतं. कागदावर होतं. कागदावर लेहा."

"लिहितो."

"अन् हे तुमची घेऊन जा." त्यांनी दुसरी बरणी माझ्या हातात दिली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाल्या, "सर, एक गोष्ट. त्या दिवशी गिलास मी तुमाले प्याले देल्ला होता."

मी वळलो नाही.

ते पाणी मी प्यायलो नव्हतो. माझ्याकडे बाटली होती. पण बाटली सगळ्याच गावांत असते, आणि बाकीच्या घरी मी पाणी घेतो, दोन घोट का होईना. त्या घरी घेतलं नव्हतं. ठरवून नाही. हात गेला नाही, एवढंच. प्यायला गेला नाही आणि बोटं बुडवायला बरोबर गेला. हे त्यांनी पाहिलं होतं. माझ्याही आधी पाहिलं होतं.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. पहिला रद्द केल्याचं लिहिलं. बिघाडाचं कारण, प्रशिक्षकाने प्रात्यक्षिकात दाखवलेली चुकीची पद्धत. प्रशिक्षकाचं नाव. शोभाताईंच्या युनिटची जागा उत्तम असल्याची नोंद. जिथे जिथे पहिली प्रत गेली होती तिथे तिथे दुसरी पाठवली, साहेबांना न विचारता. ते टेबलावर हात आपटून माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं. तोवर प्रती पोचून आठवडा झाला होता. ओरडायला ते एक आठवडा उशिरा होते आणि खरं लिहायला मी दोन महिने.

काही फार चांगलं झालं नाही. वसतिगृहानं कंपनीचे पॅकबंद बार घ्यायला सुरुवात केली. गट मोडला. मंदाताई शोभाताईंच्या घरी एकदा जाऊन आल्या म्हणतात, काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. शोभाताईंनी पुढच्या हिवाळ्यात त्याच खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. वैशाली त्यांच्यासोबत आहे, आणखी दोघी आहेत. चांदूर बाजारच्या एका दुकानात त्यांचे लाडू असतात. मी ते एकदा विकत घेतले. खडबडीत, घट्ट, कोरडे. लेबलवर आमच्या संस्थेचं नाव नाही. मला त्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही, आणि त्यांनी तो का करावा?

ऑफिसनं मला ट्रेनिंगमधून काढलं. आता मी लॅबमध्ये बसून दुसऱ्यांनी आणलेले नमुने तपासतो. फॉर्मवर 'बिघाडाचे कारण' असा रकाना असतो. त्यात कोणी 'स्वच्छतेचा अभाव' असं मोघम लिहून आणलं की मी फॉर्म परत करतो आणि विचारतो, कोणाचा हात, कुठे, कधी, आणि त्याला तसं शिकवलं कोणी? पोरं वैतागतात. वैतागू देत.

बरणी माझ्या टेबलावर आहे. झाकण मी उघडलेलं नाही. कोणी विचारलं की सांगतो, नमुना आहे. घरी लाडू करणाऱ्यांसाठी माझं सांगणं एवढंच. मिश्रण धरत नसेल तर परात झाकून दहा मिनिटं थांबा, पाण्याला हात लावू नका. आणि कोणाच्या घरी गेल्यावर समोर पाण्याचा ग्लास आला, तर तो प्या.